निकालावर पगार : अर्नॉल्ड, फुले आणि दहा रुपयांचा मास्तर

मॅथ्यू अर्नॉल्ड हे नाव आपल्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्याला टीकाशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत भेटते आणि परीक्षा झाली की तिथेच राहते. 'जीवनभाष्य', 'कसोटीच्या ओळी', 'संस्कृती आणि अराजक' एवढ्या शब्दांवर उत्तरपत्रिका भरते. या माणसाने आपल्या आयुष्याची पस्तीस वर्षे पोटासाठी काय केले, हा प्रश्न आम्हांला कुणी वर्गात विचारल्याचे स्मरत नाही. अर्नॉल्ड सरकारी शाळातपासनीस होता. १८५१ साली, लग्न ठरल्यावर नियमित मिळकत हवी म्हणून त्याने ही नोकरी धरली आणि १८८६ साली ती सोडली. ऑक्सफर्डच्या काव्याध्यापकपदाची त्याची दहा वर्षे (१८५७ ते १८६७) याच नोकरीच्या काळातली. समीक्षेच्या कार्यावरचा त्याचा जो निबंध आपण अजून शिकवतो, तो लिहिणारा हात त्याच आठवड्यात कुठल्याशा गिरणीगावातल्या पोरांच्या पाट्या तपासत होता.

त्याच्या समीक्षेतला 'यंत्र' हा शब्द आम्हांला या पाट्यांपासून वेगळा काढता येत नाही. 'कल्चर अँड अ‍ॅनार्की' या १८६९ च्या ग्रंथात त्याने इंग्रज समाजाच्या यंत्रश्रद्धेवर, म्हणजे साधनालाच साध्य समजण्याच्या खोडीवर, जो घाव घातला त्याची धार त्याआधीच्या सात वर्षांत लागली होती. त्या सात वर्षांत इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत एक नवे यंत्र बसवले गेले होते, आणि ते चालवण्याचे काम ज्यांच्यावर आले त्यांत अर्नॉल्ड एक होता.

हकीकत अशी. गोरगरिबांच्या शाळांवर सरकारचा पैसा वाढत चालला होता, त्याचे चीज होते की नाही हे पाहण्यासाठी १८५८ साली न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली एक आयोग बसला. अर्नॉल्डला याच आयोगाच्या वतीने १८५९ साली फ्रान्स, हॉलंड, स्वित्झर्लंड येथील शाळा पाहण्यास पाठवले होते. १८६१ च्या आयोगाच्या अहवालात एक तक्रार होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती: मास्तर वरच्या वर्गातल्या चार हुशार मुलांवर मेहनत घेतात, खालच्या वर्गातली पोरे वाचायला न शिकताच शाळा सोडतात. शिक्षणखात्याचा कारभार तेव्हा रॉबर्ट लो या हुशार आणि हिशेबी राजकारण्याकडे होता. त्याने १८६२ च्या सुधारित संहितेत यावर एक उपाय बसवला. मुलाच्या सरासरी हजेरीबद्दल शाळेला चार शिलिंग मिळायचे. पुरेसे दिवस हजर राहिलेला मुलगा वार्षिक तपासणीत वाचन, लेखन आणि अंकगणित या तिन्हींत उत्तीर्ण झाला तर आणखी आठ शिलिंग. एका विषयात नापास झाला की दोन शिलिंग आठ पेन्स वजा. इयत्ता सहा, आणि प्रत्येक इयत्तेला काय यायला हवे हे ठरलेले. पूर्वी प्रशिक्षित शिक्षकाच्या पगारात सरकार थेट भर घालीत असे, ती आता बंद झाली. अनुदान शाळेच्या चालकांच्या हाती जाणार, आणि मास्तराने आपला पगार त्यांच्याशी घासाघीस करून ठरवायचा. लोने संसदेत जे सांगितले त्याचा मतितार्थ असा होता, की ही पद्धत स्वस्त पडली नाही तर कार्यक्षम ठरेल, आणि कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त तरी पडेल.

स्वस्त मात्र ती पडली. १८६१ साली सुमारे आठ लाख तेरा हजार पौंड असलेले अनुदान १८६५ पर्यंत सुमारे सहा लाख सदतीस हजारांवर आले.

(डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'मधला ग्रॅडग्राइंड हा या संहितेवरचा टोला असे वर्गात सर्रास सांगितले जाते. ती कादंबरी १८५४ ची आहे, संहितेच्या आठ वर्षे आधीची. कादंबरीकाराला रोग आधी दिसला होता एवढेच फार तर म्हणावे.)

अर्नॉल्डने १८६२ सालीच एका मासिकात निनावी लेख लिहून या संहितेवर टीका केली. ती त्याच्या वरिष्ठांवरची टीका होती, आणि लेखक कोण हे ओळखू येत असूनही त्याची नोकरी टिकली हे त्या काळाचे औदार्य म्हणावे लागेल. पण त्याचे खरे साक्षीपुरावे त्या लेखापेक्षा पुढच्या वार्षिक अहवालांत आहेत. १८६७ च्या अहवालात तो सांगतो की शाळांतला जिवंतपणा ओसरला आहे. संहितेपूर्वी तो शाळेत जाई तेव्हा मुलांशी बोलायला, वर्गाची चाल पाहायला, मास्तराला दोन सूचना करायला त्याला वेळ असे. आता एकेक मूल समोर उभे करून, त्याने ओळ वाचली की नाही एवढेच पाहून, यादीत खूण करायची. वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतलेले मूल ते पुस्तक घडाघडा म्हणते, उत्तीर्ण होते, शाळेला पैसे मिळतात, आणि त्या मुलाला वाचता येते असे मात्र म्हणता येत नाही. वाचन न येता वाचनात, लेखन न येता लेखनात उत्तीर्ण होण्याची सोय या पद्धतीत आहे, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. पुढे त्याने असेही लिहिले की हा सगळा एक यांत्रिक युक्त्यांचा डाव झाला आहे, आणि या डावात तपासनिसावर मात करायला मास्तर शिकणारच, त्यांना ते शिकणे भागच आहे.

या वाक्यात मास्तराला दोष दिलेला नाही, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. ज्याची चूल मुलाच्या उत्तरावर पेटते तो उत्तराचीच काळजी करील. ताप आलेल्या मुलाची गैरहजेरी ही त्याच्या दृष्टीने आठ शिलिंगांची गैरहजेरी होते. जे मूल निश्चित उत्तीर्ण होणार त्याला अधिक काही शिकवण्यात लाभ नाही, जे निश्चित नापास होणार त्याच्यावर वेळ घालवण्यातही नाही. सारी मेहनत काठावरच्या मुलांवर. इतिहास, भूगोल, व्याकरण यांना या संहितेत सुरुवातीला एक पेन्सही नव्हता, म्हणून ते विषय पुष्कळ शाळांतून गळाले. शिवाय हाताखालचे उमेदवार-शिक्षक कमी झाले. १८६१ साली छत्तीस मुलांमागे असा एक उमेदवार होता, १८६६ साली चोपन्न मुलांमागे एक. हे आकडे अर्नॉल्डनेच पुढे ठेवले. वर्गातली गर्दी, मास्तराची अनिश्चित मिळकत आणि एका दिवसाची परीक्षा या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे त्याने ओळखले होते. लोने यांतली तिसरीच गोष्ट निवडली, कारण ती मोजता येत होती.

गंमत अशी की हाच अर्नॉल्ड पाठांतराचा पुरस्कर्ता होता. मुलांकडून उत्तम कविता तोंडपाठ करून घ्याव्यात, गरिबांच्या शाळेत भाषेची जाण यायला याहून थेट मार्ग नाही, असे तो अहवालांतून पुनःपुन्हा सांगत राहिला. घोकंपट्टीचा शत्रू पाठांतराचा मित्र कसा, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी आपल्याकडची जात्यावरची ओवी आठवावी. पाठ कशासाठी करायचे आणि कुणाच्या भीतीने करायचे, यात अंतर आहे.

याच दशकाच्या मध्यावर हे यंत्र समुद्र ओलांडून मुंबई इलाख्यात आले. खाजगी शाळांना अनुदान द्यायचे ते त्यांच्या मुलांच्या परीक्षेच्या निकालावर, हा नियम इथे रूढ झाला. त्या सुमारास इलाख्याच्या शिक्षणखात्याचा संचालक असलेला सर अ‍ॅलेक्झांडर ग्रँट हा ऑक्सफर्डचा पंडित, अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा संपादक होता. विद्वत्ता आणि हिशेब यांचे वैर नसते, हे इथेही दिसते. आणखी एक योगायोग नोंदवून ठेवू. पंजाबच्या शिक्षणखात्याचा पहिला संचालक विल्यम डेलाफील्ड अर्नॉल्ड हा मॅथ्यूचा धाकटा भाऊ. १८५९ साली मायदेशी परतताना जिब्राल्टरला तो वारला. पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचा त्या काळातला प्राचार्य एडविन अर्नॉल्ड मात्र या घराण्यातला नव्हे. 'लाइट ऑफ एशिया'च्या या कवीची आणि मॅथ्यूची गल्लत आमच्या पाहण्यात वारंवार येते, म्हणून हा खुलासा.

१८८२ साली हंटर आयोग नेमला गेला. या आयोगापुढे पुण्याच्या जुना गंज पेठेतून एक निवेदन गेले. लिहिणाऱ्याने आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली होती. तारीख १९ ऑक्टोबर १८८२, लेखक जोतीराव गोविंदराव फुले. आपल्या मराठी विभागांतून 'शेतकऱ्याचा असूड' वाचला जातो, 'तृतीय रत्न' नाट्येतिहासात येते; हे इंग्रजी निवेदन मात्र इतिहासवाल्यांचे म्हणून आपण बाजूला ठेवतो. ते अर्नॉल्डच्या अहवालांशेजारी ठेवून वाचावे, अशी आमची सूचना आहे. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असेल असे मानायला काही कारण नाही. दोघे एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना उभे होते. अर्नॉल्ड वरून शाळेत शिरला होता, फुल्यांनी स्वतः शाळा काढल्या आणि चालवल्या होत्या.

निवेदनात प्राथमिक शिक्षकाविषयीचा भाग थोडा आहे, पण नेमका आहे. शिक्षक बहुतेक सगळे ब्राह्मण. त्यांतले थोडे प्रशिक्षण महाविद्यालयातून आलेले, बाकीचे अप्रशिक्षित. पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर, आणि ज्ञानही त्याच मानाने तुटपुंजे. या मास्तराच्या जातीवर फुल्यांनी १८६९ साली 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' या रचनेत कोरडे ओढले होतेच. ज्या मुलांना शिकवायचे त्यांच्यापासून धर्माच्या सोवळ्याने दूर राहणारा माणूस त्यांना शिकवणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा माणूस असावा, ही त्यांची मागणी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या पंतोजीविषयीचा सगळा राग मनात असतानाही पगाराच्या मुद्द्यावर फुले त्या पदाच्या बाजूने उभे राहतात. प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस द्यावेत. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे, मुद्रांक विकणे यांसारख्या कामांत त्याला सामावून घ्यावे, म्हणजे गावात त्याची प्रतिष्ठा वाढेल. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एका भेटीचा काडीचा उपयोग नाही. तपासणी निदान तिमाही व्हावी, आणि अधूनमधून न कळवता व्हावी.

आणि मग एक सूचना येते, जी वाचून आम्ही थबकलो. ज्या गावशाळेचा मास्तर पुष्कळ मुले उत्तीर्ण करील त्याला उत्तेजन म्हणून खास भत्ता द्यावा. म्हणजे निकालावर पैसा! अर्नॉल्डच्या बाजूने वाचत आलेल्याला इथे ठेच लागते. पण सूचनेतले पुढचे शब्द सोडून चालणार नाही: हा भत्ता पगाराव्यतिरिक्त असावा. आधी बारा रुपये ठरलेले, वर्षभराची तपासणी ठरलेली, गावातले स्थान ठरलेले, त्यावर बक्षीस. लोच्या संहितेत निकाल ही मास्तराच्या मिळकतीची पायरी होती, फुल्यांच्या निवेदनात तो कळस आहे. दोघेही मास्तराला पैशाने हलवू पाहतात, पण एकाच्या हाती टांगती तलवार आहे. हंटर आयोगाने १८८३ च्या अहवालात अनुदानाची पद्धत निवडण्याचे स्वातंत्र्य प्रांतांना दिले, तरी प्राथमिक शाळांच्या बाबतीत मुख्य भर परीक्षेच्या निकालावरच ठेवला. मागासलेल्या भागांना तेवढी सवलत दिली. इंग्लंडात १८९० पासून हे यंत्र उतरवायला सुरुवात झाली. इथे कर्झनच्या १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावापर्यंत त्याला अधिकृत विरोध झाला नाही. लो आणि अर्नॉल्ड यांचा वाद त्यांच्या देशात संपल्यावरही आपली पोरे त्याचे निकाल देत बसली होती.

शाळेची परिस्थिती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गळके छप्पर आणि मोडका फळा येतो. फुल्यांच्या निवेदनात इमारतीपेक्षा बसण्याची जागा अधिक महत्त्वाची आहे. महार, मांग आदींची मुले वरच्या जातींच्या मुलांजवळ बसू शकत नाहीत, म्हणून शाळांतून प्रत्यक्षात वगळली जातात. सरकारने त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या त्या मोठ्या शहरांतच. आणि पुण्यासारख्या ठिकाणी पाच हजारांवर वस्तीसाठी अशी एकच शाळा आहे, तिच्यात तीस मुलेही येत नाहीत. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि त्याचा अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला, तरी दार उघडले नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी न मिळणारा भीमराव नावाचा मुलगा तर पुढच्या शतकाच्या उंबरठ्यावरचा. तहानलेले मूल वर्गात काय शिकते हे कुठल्याही संहितेच्या तक्त्यात मावत नाही. निकालावर अनुदान देणाऱ्या पद्धतीला या मुलाचे काय करावे हे कळणारच नव्हते, कारण जो परीक्षेलाच बसू शकत नाही तो नापासही होत नाही. हिशेबात त्याची किंमत शून्य.

उलट बाजूचा पुरावा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे, आणि तो पुराव्यापेक्षा मोठा आहे. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता नावाच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली ही विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. आपल्या आणि महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज दलित स्त्रीलेखनाचा प्रारंभ म्हणून अभ्यासला जातो, ते योग्यच आहे. पण तो प्रथम एका शाळकरी मुलीने काही वर्षांच्या शिक्षणानंतर लिहिलेला निबंध आहे, हे आपण विसरतो. त्यात युक्तिवाद आहे, पेशवाईतल्या छळाचा इतिहास आहे, छपराविना बाळंत होणाऱ्या बायांचे दुःख आहे, आणि विद्येकडे वळण्याचे आवाहन आहे. वाचन-लेखन-अंकगणिताच्या कुठल्या इयत्तेत हे बसवणार? तिला शिकवणाऱ्यांना निकालाचा भत्ता मिळत नव्हता. वाटेत शेण-चिखल मिळत होता. या एका उदाहरणावरून, पगार नसला तरी ध्येय पुरते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्याकडे फार जणांना होतो. शिक्षकदिनाची निम्मी भाषणे यावरच उभी असतात. फुल्यांनी स्वतः तो काढला नाही. सत्तावीस वर्षांनी आयोगापुढे जाऊन त्यांनी बारा रुपये मागितले.

ध्येयवादाची आपली दुसरी मोठी कथा न्यू इंग्लिश स्कूलची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी टिळकांसह ही शाळा काढली. हंटर आयोग आला तेव्हा शाळा तीन वर्षांचीही नव्हती, तरी तिचा लौकिक आयोगाच्या अध्यक्षापर्यंत पोहोचला होता. तरुण, विद्वान, स्वतःच्या मर्जीने आलेले शिक्षक काय करू शकतात याचे ते उदाहरण खरेच. पण इथेही हिशेबाची वही आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होणाऱ्या गोखल्यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करण्याचे पत्करले, हा त्याग म्हणून सांगितला जातो. त्यांच्या पात्रतेच्या मानाने तो होताही. गावशाळेतल्या मास्तराच्या दहा रुपयांशेजारी ठेवला की त्याग या शब्दाचे वजन थोडे बदलते. आणि टिळकांनी १८९० च्या अखेरीस सोसायटी सोडली त्या भांडणात एक मुख्य मुद्दा कोणता होता? आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, हाच. ध्येयवाद्यांच्या संस्थेतही पगाराचा प्रश्न मागच्या दाराने येऊन बसतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटत नाही.

लोची संहिता मात्र आजवर निरनिराळ्या नावांनी परत येत राहिली आहे. तिच्या बाजूचा एक भक्कम पुरावा इथे मांडणे न्याय्य होईल. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी ग्रामीण शाळांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना अधिक रक्कम दिली तेव्हा गणित आणि भाषा दोन्हींत मुले पुढे गेली. ज्या विषयांवर बक्षीस नव्हते त्यांतही मागे पडली नाहीत, उलट सुधारली. अर्नॉल्डची भीती इथे खरी ठरली नाही. पण हे शिक्षक कायम नोकरीतले होते, त्यांचा पगार सुरक्षित होता आणि बक्षिसाची रक्कम वर्षाच्या पगाराच्या काही टक्केच होती. म्हणजे प्रयोग झाला तो फुल्यांच्या सूचनेचा, लोच्या संहितेचा नव्हे. असे आम्ही म्हणू.

महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवकांची योजना आली: पूर्ण पात्रतेचा शिक्षक, पहिली तीन वर्षे मानधनावर. प्राथमिक शाळेत हे मानधन दरमहा तीन हजार रुपये होते. पुढे ते सहा हजार आणि २०२३ साली सोळा हजार झाले. याच काळात मुलांना वाचता येते की नाही याच्या पाहण्याही दरवर्षी गाजू लागल्या, आणि आकडे खाली आले की मास्तरावर अग्रलेख लिहिले जाऊ लागले. फुल्यांना मास्तर गावच्या कारभारात हवा होता, कारण त्याने त्याचा मान वाढणार होता. ती सूचना एका अर्थी अमलात आली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशैक्षणिक कामांवर बंदी घातली, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण ही तीन कामे शिक्षकाकडेच ठेवली. मतदारयादीचे बाड काखेत घेऊन दारोदार फिरणारा मास्तर आता सगळ्या गावाला ओळखीचा आहे.